परक्या रानातली मशागत : ॲप लिहिणारा प्लॅटफॉर्म कसा निवडतो?

१

‘अँड्रॉइड शिकू की आयफोन?’ असे संगणकशास्त्राचे विद्यार्थी मला विचारतात. चळवळीतले कार्यकर्ते अलीकडे हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारू लागले आहेत : ‘संघटनेचे ॲप करायचे आहे, कशात करावे?’ वरवर पाहता हा प्रश्न तांत्रिक वाटतो. कोणती भाषा सोपी, कोणती हत्यारे फुकट, कोठे काम लवकर उरकते, एवढे पाहिले की उत्तर सापडेल अशी समजूत असते. गेली अनेक वर्षे प्रोग्रामिंग करून आणि ते शिकवून माझे मत असे झाले आहे की, हा प्रश्न मुळात मालकीचा आहे, आणि मालकीच्या अंगाने तो विचारला तरच त्याचे उपयोगी पडेल असे उत्तर मिळते.

आधी शब्दांचा उलगडा करून घेऊ. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्राचा कारभार पाहणारी मूळ आज्ञावली. पडद्यावर अक्षर उमटवणे, कॅमेरा उघडणे, फाईल साठवणे, नेटवर निरोप धाडणे ही कामे ॲप स्वतः करीत नाही. ते ऑपरेटिंग सिस्टीमला तशी विनंती करते. ही विनंती कोणत्या शब्दांत करायची, कोणत्या क्रमाने करायची, कोणती करायचीच नाही, हे ऑपरेटिंग सिस्टीमच्या मालकाने ठरवून दिलेले असते. विनंत्यांची ही ठरीव भाषा, ॲप बांधण्याची हत्यारे आणि तयार ॲप लोकांपर्यंत पोचवणारे दुकान, या तिन्हींना मिळून आपण प्लॅटफॉर्म म्हणू. एका प्लॅटफॉर्मसाठी लिहिलेले ॲप दुसऱ्यावर जसेच्या तसे चालत नाही. त्याच्या पानापानात पहिल्या मालकाच्या विनंत्या विणलेल्या असतात.

कूळ आणि मालक हे नाते आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. कूळ रानात राबते, बांध घालते, खत टाकते, विहिरीतला गाळ उपसते. ही सारी मेहनत जमिनीत मुरते. उद्या मालकाने जमीन काढून घेतली तर मुरलेली मेहनत उचलून नेता येत नाही. ॲप लिहिणाऱ्याचे श्रमही असेच प्लॅटफॉर्मात मुरतात. अर्थात हा माणूस शिकलेला, पुष्कळदा पगारदार असतो; भूमिहीन मजुराच्या दुःखाशी त्याची बरोबरी करणे खोटेपणाचे होईल. मी येथे फक्त व्यवहाराचा आकार दाखवतो आहे. मात्र ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी संगणक शिकायला बाहेर पडतो, त्या घरचा मुलगा किंवा मुलगी दोन-तीन वर्षे खर्चून जे शिकते ते एका कंपनीच्या जाहीरनाम्याने निकामी होणार असेल, तर ती वर्षे कोणी परत देत नाही. म्हणून या व्यवहाराची जाणीव हवी.

२

ॲप लिहिणारे प्रत्यक्षात काय पाहून निवड करतात? पहिली गोष्ट, लोक कोठे आहेत. गावातल्या शंभर घरांपैकी नव्वद घरांत अँड्रॉइडचा फोन असेल तर त्या गावासाठी आयफोनचे ॲप लिहिणे व्यर्थ आहे. दुसरी गोष्ट, मिळकत कोठे आहे. आयफोन घेणारा गिऱ्हाईक संख्येने कमी असला तरी ॲपसाठी पैसे मोजण्याची त्याची तयारी अधिक असते, म्हणून पुष्कळ कंपन्या आधी आयफोनसाठी लिहितात. तिसरी गोष्ट, पूर्वी शिकलेले व लिहिलेले किती वापरता येईल. चौथी गोष्ट, दारातून आत जायला काय द्यावे लागते. ॲपल दर वर्षी ९९ डॉलर घेते; गूगल एकदाच २५ डॉलर घेते. विक्रीतला वाटा वेगळा. ॲपलने १० जुलै २००८ रोजी सुमारे पाचशे ॲपांनिशी दुकान उघडले, तेव्हाच शंभरातले तीस रुपये मालकाचे असा रिवाज पाडला. लहान धंद्यांसाठी तो वाटा २०२१ साली पंधरावर आला.

या चार गोष्टी सगळेच पाहतात. त्यांत एक चक्रही आहे. लोक तेथे जातात जेथे ॲप आहेत आणि ॲप लिहिणारे तेथे जातात जेथे लोक आहेत. म्हणून पुढे असलेला प्लॅटफॉर्म आणखी पुढे जातो व मागे राहिलेल्याला मालकाच्या पैशानेही वर काढता येत नाही.

पाचवी गोष्ट फार थोडे पाहतात. मालक आज जे सांगतो आहे ते उद्या पाळील काय? मला दिसलेला नियम असा आहे : मालकाचा शब्द किती टिकेल हे त्याच्या भलेपणावर ठरत नाही, शब्द मोडल्यास मालकाचे स्वतःचे किती नुकसान होईल यावर ते ठरते. हा नियम पटण्यासारखे पुरावे गेल्या वीस वर्षांच्या इतिहासात आहेत. ते क्रमाने पाहू.

३

सिम्बियन हे नाव आजच्या विद्यार्थ्याला माहीत नसते. सायन, नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला या कंपन्यांनी १९९८ साली ही कंपनी उभी केली. पुढे नोकियाच्या फोनांमुळे तिची ऑपरेटिंग सिस्टीम जगभर पसरली. २०१० सालीदेखील जगात विकल्या गेलेल्या दर तीन स्मार्टफोनांपैकी एकाहून अधिक सिम्बियनवर चालत होता. म्हणजे ‘लोक कोठे आहेत’ या कसोटीवर सिम्बियन निवडणाऱ्याचे काही चुकत नव्हते.

पण सिम्बियनवर लिहिणे कष्टाचे होते. जेव्हा यंत्रातली स्मृती फार थोडी होती त्या काळात तिची घडण झाली होती. स्मृतीचा कण अन् कण वाचवण्यासाठी तिने ‘सी प्लस प्लस’ या भाषेची स्वतःची अशी एक बोली बनवली होती. साधे नाव साठवायचे तरी त्यासाठी अनेक तऱ्हांच्या पेट्यांतून योग्य ती निवडावी लागे. काम मध्येच अडले तर घेतलेली स्मृती परत करण्याची जबाबदारीही लिहिणाऱ्याने वेगळ्या रीतीने सांभाळायची. ही बोली पक्की व्हायला वर्ष-दोन वर्षे लागत, आणि सिम्बियनबाहेर तिचा काडीचा उपयोग नव्हता.

नोकियाला हे कळत होते. तिने २००८ साली ट्रोलटेक ही नॉर्वेतली कंपनी विकत घेतली. ट्रोलटेकचे ‘क्यूटी’ हे साधन असे होते की, त्यात एकदा लिहिलेला प्रोग्राम थोड्या फेरफाराने अनेक ऑपरेटिंग सिस्टीमांवर चाले. २०१०च्या फेब्रुवारीत नोकिया व इंटेल यांनी मिळून ‘मीगो’ नावाची नवी ऑपरेटिंग सिस्टीम जाहीर केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात नोकियाने सांगितले की, यापुढे सिम्बियन आणि मीगो या दोन्हींसाठी क्यूटी हाच एकमेव मार्ग. ॲप लिहिणाऱ्यांना वाटले, अखेर एक सरळ वाट सापडली. आता जुने फोन आणि नवे फोन एकाच मशागतीत येतील. पुष्कळांनी क्यूटी शिकायला घेतले.

पुढे चार महिनेही गेले नाहीत. मायक्रोसॉफ्टमधून आलेले स्टीफन इलॉप २०१०च्या सप्टेंबरपासून नोकियाचे प्रमुख होते. ११ फेब्रुवारी २०११ रोजी त्यांनी जाहीर केले की, यापुढे नोकियाचा मुख्य स्मार्टफोन मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनवर चालेल. विंडोज फोनवर क्यूटी आणली जाणार नव्हती. तेथे ‘सी शार्प’ ही भाषा आणि ‘सिल्व्हरलाइट’ हे साधन. बाहेरच्या माणसाला ‘सी प्लस प्लस’मध्ये ॲप लिहिण्याची तेव्हा तेथे मुभाच नव्हती. आणखी पंधरा कोटी सिम्बियन फोन विकू असे आश्वासन नोकियाने दिले खरे. पण ज्या घराचा मालक घर सोडून निघाल्याचे सांगतो त्या घराला रंग कोण देणार? गिऱ्हाइके आणि ॲप लिहिणारे दोघेही निघून गेले. त्याच वर्षी एप्रिलात सिम्बियनचे काम व सुमारे तीन हजार कर्मचारी दुसऱ्या कंपनीकडे सोपवण्याचे जाहीर झाले. १ जानेवारी २०१४ पासून नोकियाच्या दुकानात सिम्बियन किंवा मीगोचे नवे ॲप ठेवणे बंद झाले. असलेले दुरुस्त करणेही बंद झाले. लोकांच्या हातात फोन चालू होते, पण त्यातले ॲप सुधारण्याचे दार कर्त्यालाच लागले होते.

येथे नोकियाला दूषण देणे सोपे आहे. पण मालकाच्या बाजूने पाहिले तर ते स्वाभाविकच होते. अँड्रॉइड आणि आयफोनपुढे नोकिया मागे पडत होती. सिम्बियनला दिलेला शब्द पाळणे तिला मोडण्यापेक्षा महाग वाटले. ॲप लिहिणाऱ्यांचे जे बुडाले ते तिच्या हिशेबाच्या वहीत कोठेच लिहायचे नव्हते. व्यवस्था अशीच चालते : निर्णय एकाचा आणि खर्च दुसऱ्याचा.

४

जे नोकियाचा हात धरून मायक्रोसॉफ्टच्या दारी गेले त्यांचे काय झाले हेही पाहण्याजोगे आहे. मायक्रोसॉफ्टने २०१०च्या ऑक्टोबरात विंडोज फोन ७ आणला, तेव्हा तिच्या जुन्या विंडोज मोबाइलवरचे ॲप त्यावर चालत नव्हते. सगळ्यांनी नव्याने लिहायचे होते. २०१२च्या जूनमध्ये विंडोज फोन ८ जाहीर झाला व ७ चे फोन ८ वर चढवता येणार नाहीत असे कळले. नोकियाचे ल्युमिया फोन बाजारात येऊन तेव्हा वर्षदेखील झाले नव्हते. जुने ॲप नव्या फोनवर चालत. पण ८ साठी नव्या रीतीने लिहिलेले ॲप जुन्या फोनवर जात नव्हते. ज्या सिल्व्हरलाइटवर ७ ची घडण उभी होती त्याची शेवटची मोठी आवृत्ती २०११ सालीच निघाली होती. २०१२ साली संगणकावर विंडोज ८ आले तेव्हा त्याने तिसरीच रीत आणली. २०१५ साली विंडोज १० बरोबर चौथी रीत आली : एकच ॲप फोन, टॅब्लेट आणि संगणक सगळीकडे चालेल, असे ते वचन होते.

या वचनाची दुसरी बाजू पाहा. मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोनधंदा २०१४च्या एप्रिलात ताब्यात घेतला आणि २०१५च्या जुलैत त्यातले सुमारे साडेसात अब्ज डॉलर बुडीत खाती टाकले. अँड्रॉइडचे ॲप विंडोज फोनवर चालवण्याची योजना तिने २०१५ साली जाहीर करून २०१६ साली गुंडाळली. विंडोज फोनचा जागतिक विक्रीतला वाटा कोणत्याही वर्षी पाच टक्क्यांपर्यंत पोचला नाही. २०२०च्या जानेवारीत फोनवरच्या विंडोज १० चा आधार संपला. दहा वर्षांत चार रिती आल्या, आणि शेवटी रानच उरले नाही.

आणि याच काळात मायक्रोसॉफ्ट स्वतः काय करीत होती? २७ मार्च २०१४ रोजी तिने आपले ऑफिस हे सर्वांत मौल्यवान सॉफ्टवेअर ॲपलच्या आयपॅडवर आणले. म्हणजे दुसऱ्यांना ‘आमच्या रानात या’ म्हणणारा मालक स्वतः ॲप लिहिणारा म्हणून विचार करू लागला तेव्हा तोही लोक जेथे आहेत तेथेच गेला. मालक काय सांगतो यापेक्षा तो स्वतःचा माल कोठे नेतो हे पाहावे. निवडीची ही फार चांगली कसोटी आहे.

पण याच मायक्रोसॉफ्टची दुसरी हकीकतही सांगितली पाहिजे, नाहीतर माझा नियम अर्धवट राहील. १९९० नंतरच्या दशकात विंडोजसाठी जुन्या रीतीने, म्हणजे ‘विन३२’ रीतीने, लिहिलेले अनेक प्रोग्राम आजच्या विंडोजवर चालतात. कचेऱ्या, बँका, दवाखाने आणि कारखाने यांचा रोजचा कारभार या प्रोग्रामांवर चालतो. ते बंद पडले तर विंडोज विकत घेण्याचे कारणच उरणार नाही. कंपनी एकच, माणसे तीच. एका ठिकाणी शब्द तीस वर्षे पाळला गेला आणि दुसऱ्या ठिकाणी तो तीन वर्षेही टिकला नाही. फरक एवढाच की, पहिल्या ठिकाणी शब्द मोडणे मालकाला परवडणारे नव्हते.

५

आता आपल्या देशातले उदाहरण घेऊ. मोझिला या संस्थेने २०१३ साली फायरफॉक्स ओएस ही फोनची ऑपरेटिंग सिस्टीम बाजारात आणली. तिच्यावरचे ॲप एचटीएमएल, सीएसएस व जावास्क्रिप्ट यांत, म्हणजे ज्या भाषांत साधी वेबपाने लिहितात त्याच भाषांत लिहायचे होते. २०१४च्या ऑगस्टमध्ये असा एक फोन भारतात दोन हजार रुपयांच्या आत मिळू लागला. पण अँड्रॉइडचे फोनही झपाट्याने स्वस्त झाले, आणि २०१५च्या डिसेंबरात मोझिलाने या फोनांचा नाद सोडला.

हाही एका मालकाने धोरण बदलल्याचाच प्रकार. परंतु येथे ॲप लिहिणाऱ्याचे बुडाले ते तुलनेने थोडे. त्याने शिकलेल्या भाषा मोझिलाच्या मालकीच्या नव्हत्या. फोन गेला तरी विद्या हातात राहिली. शिवाय फायरफॉक्स ओएसचा मूळ मजकूर सर्वांना खुला होता. तो घेऊन दुसऱ्यांनी कायओएस उभी केली आणि २०१७ साली जाहीर झालेला जिओफोन तिच्यावर चालला. असे दहा कोटींहून अधिक फोन विकल्याचे कंपनीने २०२० साली सांगितले. विदर्भ-मराठवाड्यातल्या किती तरी घरांत पहिले इंटरनेट आले ते या बटणाच्या फोनातून. तीच वेबविद्या पुन्हा तेथे कामी आली. मात्र त्याही दुकानाचे दार कंपनीच्याच हाती होते, आणि २०२१ साली जिओने गूगलबरोबर काढलेला पुढचा फोन अँड्रॉइडवरचा होता. कायओएससाठी बांधलेले टरफल गेले, पण आतली विद्या राहिली.

सिम्बियनची बोली शिकलेला आणि वेबची भाषा शिकलेला, दोघांचेही प्लॅटफॉर्म बुडाले. एकाच्या हाती काही उरले नाही. दुसऱ्याच्या हाती उपजीविकेचे साधन राहिले. कारण वेबच्या भाषेला एक मालक नाही. तिचे नियम अनेक कंपन्या व संस्था मिळून ठरवतात आणि जुनी पाने मोडतील असा बदल सहसा कोणी करू धजत नाही.

मराठी मजकुराच्या बाबतीत आपण हेच अनुभवले आहे. संगणकावर मराठी टंकलेखन सुरू झाले तेव्हा प्रत्येक फॉन्ट विकणाऱ्याने अक्षरांचे स्वतःचे आकडे ठरवले होते. आज त्या काळातली फाईल उघडली आणि तो फॉन्ट जवळ नसला की मराठीच्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो. किती नियतकालिकांचे जुने अंक असे कुलूपबंद पडले आहेत! युनिकोड हा सर्वांचा समाईक नियम आला तेव्हा मजकूर फॉन्टवाल्याच्या हातून सुटला. मजकूर कोणाच्या नियमाने साठवला आहे हा प्रश्न जसा संपादकाचा आहे, तसाच तो ॲप लिहिणाऱ्याचाही आहे.

६

जे प्लॅटफॉर्म जिंकले तेथे तरी स्थैर्य आहे, असे कोणी म्हणेल. लोक आहेत, मिळकत आहे, उद्या ते बुडणार नाहीत, हे खरे. पण जिंकलेल्या मालकाला शब्द मोडणे अधिकच स्वस्त पडते, कारण ॲप लिहिणाऱ्याला जायला दुसरी जागा नसते.

ॲपलने २००७च्या जूनमध्ये सांगितले की, आयफोनसाठी वेबपानेच लिहा. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिने स्वतंत्र ॲप लिहू देण्याचे जाहीर केले. २०१०च्या एप्रिलात तिने करारात कलम घातले की, ॲप ठरावीक भाषांतच मुळापासून लिहिलेले असावे. दुसऱ्या साधनांतून आयफोनचे ॲप बनवण्याचा धंदा ज्यांनी उभारला होता त्यांच्या पायाखालची जमीन त्या एका कलमाने सरकली. सप्टेंबरात ते कलम सैल झाले. मधले पाच महिने कोणी भरून दिले? २०१७ साली जुन्या ३२ बिटांच्या रीतीचे ॲप चालवणे आयफोनने बंद केले. ज्यांना ते पुन्हा बांधता आले नाहीत त्यांचे ॲप संपले.

गूगलच्या दुकानात ॲप दरवर्षी नव्या अँड्रॉइडच्या नियमांशी जुळवून घ्यावे लागते, नाहीतर ते नव्या फोनवाल्यांना दिसेनासे होते. कोणी विद्यार्थी स्वतःच्या नावाने नवे खाते उघडून ॲप ठेवू म्हणेल, तर किमान बारा माणसांनी ते सलग चौदा दिवस तपासले पाहिजे अशी अट आहे. २०२३च्या नोव्हेंबरात ही अट आली तेव्हा वीस माणसे हवी होती. मोठ्या कंपनीला अशी अट लागत नाही. १ मार्च २०२४ रोजी, शुल्काच्या वादावरून, गूगलने काही भारतीय कंपन्यांचे ॲप दुकानातून काढले. त्यांत लग्न जुळवणारे आणि नोकऱ्या सांगणारे प्रसिद्ध ॲप होते. सरकारने लक्ष घातल्यावर ते काही दिवसांत परत आले. ज्यांच्यासाठी मंत्री फोन उचलत नाही अशा एकट्या माणसाचे ॲप काढले गेले तर काय, हा विचार वाचकांनीच करावा.

मालकांची बाजूही आहे, ती नाकारू नये. जुन्या विनंत्यांत चोरवाटा असतात. त्या बुजवल्या नाहीत तर लोकांचे पैसे आणि खासगी माहिती लुटली जाते. फसवे ॲप रोज दाराशी येतात. सगळे जुने कायमचे सांभाळायचे तर नवे काही करताच येणार नाही. माझा आक्षेप बदलाला नाही. बदल कधी व कोणत्या गतीने व्हावा हे एकटा मालक ठरवतो आणि त्याचा खर्च ज्यांच्यावर पडतो त्यांना विचारलेही जात नाही, याला माझा आक्षेप आहे. ॲप लिहिणारा ज्या करारावर अंगठा उठवतो तो करार बदलण्याचा हक्क एकाच पक्षाकडे असतो.

७

मग करावे काय? अनुभवी लोक काय करतात ते सांगतो.

पहिले, ते ॲपचे दोन भाग पाडतात. हिशेब, नियम, शोध, माहितीची जुळणी हा गाभा ते वेगळा लिहितात आणि मालकाच्या विनंत्यांशी बोलणारे टरफल पातळ ठेवतात. मालक बदलला तर टरफल बदलायचे, गाभा शाबूत. उदाहरणार्थ, गावच्या वाचनालयाचे ॲप असेल तर पुस्तक कोणाकडे आहे, मुदत कधी संपते, दंड किती, हे सगळे गाभ्यात. बटण कोठे दिसते एवढेच टरफलात.

दुसरे, ते माहिती खुल्या रूपात साठवतात. सभासदांची यादी ॲपमधून साध्या तक्त्याच्या फाईलीत काढता आली पाहिजे. येत नसेल तर संघटनेची यादी दुसऱ्याच्या कुलपात आहे असे समजावे.

तिसरे, ते ‘एकदा लिहा, सगळीकडे चालवा’ म्हणणारी साधने वापरतात, पण डोळे उघडे ठेवून. रिॲक्ट नेटिव्ह हे फेसबुकचे अपत्य, फ्लटर हे गूगलचे. दोन्हींचा मजकूर खुला आहे ही जमेची बाजू. परंतु एका मालकाच्या हातून सुटायला दुसऱ्या मालकाचे गाडे पकडले आहे याचे भान असावे.

चौथे, गरज नसेल तेथे ते ॲप करीतच नाहीत. सभेची सूचना, शिष्यवृत्तीची माहिती, अंकातले लेख यांना वेबपान पुरते. ते कोणत्याही फोनवर उघडते आणि त्यासाठी कोणाच्या दुकानाची परवानगी लागत नाही. नेट नसतानाही चालले पाहिजे, फोनची यंत्रे सतत वापरायची आहेत, अशी खरी निकड असेल तेव्हाच ॲपकडे वळावे.

पाचवी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती क्यूटीच्याच इतिहासात सापडते. नोकियाने टाकल्यावर क्यूटी मेली नाही. २०१२ साली ती डिजिया या फिनलंडमधल्या कंपनीकडे गेली आणि आजही मोटारींच्या पडद्यांपासून कारखान्यांतल्या यंत्रांपर्यंत ती वापरात आहे. ती तगली याला तिचे तांत्रिक गुण कारण होतेच. पण आणखी एक कारण होते. केडीई नावाचा स्वयंसेवी प्रोग्रामरांचा गट आपले सगळे काम क्यूटीवर उभारत होता. ‘उद्या मालकाने ही बंद केली तर?’ हा प्रश्न त्यांनी वेळीच विचारला, आणि १९९८ साली ट्रोलटेकशी करार करून एक न्यास स्थापन केला. क्यूटीची मुक्त आवृत्ती मालकाने बंद केली, तर ती सर्वांसाठी खुली करण्याचा हक्क त्या न्यासाला मिळाला. मालक पुढे बदलत गेले, तरी करार चालू राहिला. सिम्बियनवर राबणाऱ्यांची संख्या मोठी होती, पण ते एकेकटे होते. क्यूटीवर राबणारे थोडे होते, पण एकत्र होते आणि त्यांनी शब्द कागदावर घेतला होता.

८

येथून प्रश्न व्यक्तीच्या शहाणपणाच्या पलीकडे जातो. कुळाने कितीही जपून मशागत केली तरी त्याची असुरक्षितता त्याच्या जपण्याने संपली नव्हती. त्यासाठी १९४८ साली मुंबई राज्याला कूळकायदा करावा लागला. प्लॅटफॉर्मच्या बाबतीत कायद्याची पावले आता कोठे पडू लागली आहेत. आपल्या स्पर्धा आयोगाने २०२२च्या ऑक्टोबरात गूगलला दुकानातल्या सक्तीच्या देयकपद्धतीबद्दल ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला. अपिलात २०२५ साली तो २१६.६९ कोटींवर आला, पण मक्तेदारीचा गैरवापर झाल्याचा ठपका पूर्णपणे पुसला गेला नाही. युरोपच्या कायद्यामुळे २०२४च्या मार्चपासून तेथे आयफोनवर दुसऱ्यांची दुकाने उघडू द्यावी लागली. कायदा आला की मालक पळवाटा काढतो, हे कूळकायद्याच्या वेळी महाराष्ट्राने पाहिले आहे. तरीही शब्द मोडणे मालकाला महाग पडावे असे करणारी साधने दोनच : राबणाऱ्यांची एकजूट आणि कायदा.

विद्यार्थ्यांना माझे सांगणे थोडक्यात असे. पोटासाठी अँड्रॉइड शिका, आयफोन शिका; लोक तेथे आहेत आणि काम तेथे आहे, त्यात कमीपणा नाही. पण आठवड्यातला काही वेळ अशा गोष्टींना द्या ज्यांचा एक मालक नाही : माहितीची मांडणी, गणित, वेबच्या भाषा, खुल्या परवान्याची साधने. आणि कोणत्याही प्लॅटफॉर्मवर पाऊल ठेवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. याचा मालक पैसा कशावर कमावतो? त्याने उद्या हे बंद केले तर त्याचे काय बुडते? माझ्या हातात काय उरते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मनासारखी नसली तरी कधी कधी तेथे काम करावे लागते. तिसऱ्याचे उत्तर ‘काही नाही’ असे असेल तर मात्र तेथे मजुरी घेऊन काम करावे, आपली उमेदीची वर्षे पेरू नयेत.